लाल पाठीचा बेडूक डंख करणाऱ्या मुंग्यांच्या बिळात कसा राहतो?

काजूबी (प्रश्न)

नमस्कार. मी मूळचा वेंगुर्ल्याचा असून काजू बीची प्रत तपासण्याच्या कामानिमित्त दर वर्षी फेब्रुवारीपासून पावसाळ्यापर्यंत पश्चिम आफ्रिकेतील बेनिन देशात, पाराकू शहराच्या परिसरात राहतो. हा प्रदेश म्हणजे विरळ झाडांचे विस्तीर्ण गवताळ रान आहे. माती आपल्या जांभ्यासारखी तांबडी आहे, परंतु कोकणासारखी हिरवळ येथे बारा महिने टिकत नाही. नोव्हेंबरपासून सहारा वाळवंटाकडून हरमॅटन नावाचे कोरडे वारे वाहू लागतात, गवत वाळते, जागोजागी वणवे लागतात आणि मोठा पाऊस सुरू होईपर्यंत जमीन भाजलेल्या विटेसारखी टणक राहते.

एप्रिलच्या अखेरीस गोदामाच्या मागे पाणी वळवण्यासाठी चर खणला जात असताना हातभर खोलीवर मुंग्यांचे बीळ फुटले. मुंग्या काळ्याभोर आणि जवळजवळ दोन सेंटिमीटर लांबीच्या होत्या, आणि त्या बाहेर पडताच कुजल्यासारखी उग्र दुर्गंधी पसरली. एका कामगाराच्या घोट्याला डंख बसला, त्याला संध्याकाळपर्यंत नीट चालता आले नाही. त्याच बिळाच्या पोकळीत दोन बेडूक बसलेले होते. त्यांची पाठ तांब्याच्या भांड्यासारखी लालसर व गुळगुळीत होती, दोन्ही बाजू काळ्या होत्या आणि पाय अगदी किरकोळ होते. मुंग्या त्यांच्या अंगावरून जात होत्या, मिश्यांनी त्यांना चाचपत होत्या, परंतु एकीनेही डंख केला नाही. फावडे जवळ येताच बेडूक उडी मारून पळतील असे मला वाटले होते, पण ते सरड्यासारखे चार पायांवर चालत मातीच्या ढेकळाखाली शिरले.

कामगारांचे म्हणणे होते की इतका भडक प्राणी विषारीच असणार, म्हणून त्याला मारून टाकावे. मी काम थांबवून ती जागा फळीने झाकून ठेवली आहे. हा बेडूक कोणता, त्याच्यापासून माणसाला धोका आहे का, आणि ज्या मुंग्या माणसाला सोडत नाहीत त्या याला कशा सोडतात, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

निवृत्त शिक्षिका (उत्तर)

आपण काम थांबवलेत हे वाचून मनापासून बरे वाटले. वर्णनात लालसर पाठ, काळ्या बाजू, गुळगुळीत कातडी, बारीक पाय, उडीऐवजी चालणे आणि मुंग्यांचे बीळ एवढ्या खुणा एकत्र आल्या आहेत की ओळखीबद्दल मला शंका वाटत नाही. हा फ्रायनोमँटिस मायक्रॉप्स होय. या वंशातील बेडकांची कातडी रबरासारखी लागते, म्हणून त्यांना रबर फ्रॉग असे म्हणतात. बर्लिनचे प्राणिशास्त्रज्ञ विल्हेल्म पीटर्स यांनी १८७५ मध्ये या जातीचे शास्त्रीय वर्णन केले. मायक्रॉप्स म्हणजे लहान डोळ्यांचा. सेनेगालपासून पूर्वेकडे मध्य आफ्रिकेपर्यंत पसरलेल्या सॅव्हानाच्या, म्हणजे विरळ झाडांच्या गवताळ रानाच्या, पट्ट्यात हा आढळतो. नामशेष होण्याच्या मार्गावर असलेल्या जातींत त्याची गणना होत नाही. तरीही वर्षातील बराच काळ तो जमिनीखाली असल्यामुळे त्याच्या रानात राहणाऱ्या माणसांनाही तो क्वचितच दिसतो.

आपल्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट ही की तो मायक्रोहायलिडी या कुळातील आहे. पावसाळ्यात महाराष्ट्रातील भातखाचरांत आणि डबक्यांच्या काठी जो नखाएवढा, पाठीवर नक्षी असलेला मायक्रोहायला ऑर्नाटा रात्रभर करकरतो, तोही याच कुळातील आहे. म्हणजे वेंगुर्ल्याच्या मळ्यात आपण या बेडकाचे दूरचे भाऊबंद लहानपणापासून ऐकत आला आहात.

धोक्याविषयी. याच वंशातील दक्षिण व पूर्व आफ्रिकेत आढळणाऱ्या फ्रायनोमँटिस बायफॅसिएटस या जातीच्या कातडीतून पाझरणारा द्रव विषारी असतो. तो जखमेतून माणसाच्या शरीरात गेल्यास सूज, मळमळ, डोकेदुखी, छातीत धडधड आणि श्वास घेण्यास त्रास होतो, अशी नोंद १९७१ मध्ये प्रसिद्ध झाली होती. त्या बेडकाबरोबर एकाच भांड्यात ठेवलेले दुसरे बेडूक मरून जातात. म्हणून आपल्याकडील बेडकालाही उघड्या हाताने, विशेषतः हाताला ओरखडे असताना, स्पर्श करू नये. चुकून स्पर्श झाल्यास हात धुवावेत आणि तोपर्यंत डोळ्यांना लावू नयेत. मात्र हा प्राणी चावत नाही, डंख करत नाही, अंगावर येत नाही. त्याला न हाताळणे एवढी एकच खबरदारी पुरेशी आहे, मारण्याचे काहीही कारण नाही.

मुंग्यांचा प्रश्न मी अधिक जाणकारांसाठी सोडते, परंतु तो बिळात का येतो याचे उत्तर त्याच्या शरीररचनेत आहे. बेडकाच्या कातडीतून पाणी सतत उडून जात असते, आणि सहा-सहा महिने पाऊस नसलेल्या रानात त्याला ते राखून ठेवण्याची काही ना काही सोय करावीच लागते. त्याच सॅव्हानातील हेमिसस मार्मोरेटस हा बेडूक आपल्या कठीण, टोकदार थोबाडाने डोके पुढे करून जमीन उकरतो. हायपेरोलियस निटिड्युलस या वेताएवढ्या बारीक काड्यांवर बसणाऱ्या बेडकाची पिल्ले तर जमिनीत जातच नाहीत. त्यांच्या कातडीत प्युरिनच्या स्फटिकांचे थर असतात, ते ऊन परतवतात, आणि ती पिल्ले पांढरीफटक होऊन भर उन्हात वाळक्या काडीला चिकटून महिनोन्महिने निश्चल बसून राहतात. आपल्या लाल बेडकाकडे उकरण्यासाठी तसे थोबाडही नाही आणि ऊन परतवणारी तशी कातडीही नाही. विटेसारख्या टणक जमिनीत खोलवर ओलावा आहे, पण तेथवर पोहोचण्यासाठी त्याला दुसऱ्या कोणीतरी केलेली वाट हवी असते.

मुंगी-अभ्यासक (उत्तर)

काका, मी बंगळूरमध्ये मुंग्यांच्या वर्तनावर संशोधन करत असून आपला प्रश्न वाचून फार आनंद झाला. बाईंनी जेथे सोडले तेथून पुढे लिहितो.

दुर्गंधी, आकार आणि डंख यांवरून ही मुंगी पाल्टोथायरियस टार्सेटस आहे. तिच्या जबड्याजवळच्या ग्रंथींतून डायमिथाइल डायसल्फाइड आणि डायमिथाइल ट्रायसल्फाइड ही गंधकयुक्त द्रव्ये बाहेर पडतात. आपल्याला आलेला कुजका वास त्यांचाच होता. माती ढासळल्यावर त्या मुंग्यांनी एकमेकींना दिलेला तो संकट-संदेश समजावा. वाळवी हे तिचे आवडते भक्ष्य आहे. जर्मन शास्त्रज्ञ बर्ट होल्डॉब्लर यांनी १९८० मध्ये दाखवून दिले की ही मुंगी रानात चालताना डोक्यावरील झाडांच्या फांद्यांची आकृती लक्षात ठेवून वाट शोधते. पण बिळाच्या अंधारात डोळ्यांचा उपयोग नसतो. तेथे आपले कोण आणि परके कोण हे मिश्यांच्या स्पर्शाने, म्हणजे समोरच्याच्या अंगावरील रसायनांच्या चवीने ठरते.

या बेडकाचे गूढ उकलण्याचे श्रेय प्रामुख्याने जर्मन बेडूक-तज्ज्ञ मार्क-ऑलिव्हर र्‍योडेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांना जाते. आयव्हरी कोस्टच्या ईशान्य भागात कोमोए हे राष्ट्रीय उद्यान आहे, साडेअकरा हजार चौरस किलोमीटरचे, १९८३ पासून जागतिक वारसा यादीत असलेले. तेथील सॅव्हानात फ्रायनोमँटिस मायक्रॉप्स आणि कॅसिना फुस्का हे दोन बेडूक मुंग्यांच्या सहवासात राहतात, हे त्यांनी १९९९ मध्ये प्रसिद्ध केले. पुढचा, माझ्या मते सर्वांत सुंदर, टप्पा २०१३ मध्ये आला. या गटाने बेडकाच्या कातडीतील द्रव गोळा केला आणि मुंग्या एरवी क्षणात डंख करून उचलून नेतात अशा कीटकांच्या अंगाला तो लावून ते मुंग्यांपुढे ठेवले. द्रव लावलेल्या कीटकांवर डंख करण्यास मुंग्यांनी स्पष्टपणे विलंब केला. त्यानंतर त्या द्रवातून दोन लहान पेप्टाइडे, म्हणजे अमिनो आम्लांच्या छोट्या साखळ्या, वेगळी करण्यात आली, एक ९ अमिनो आम्लांचे आणि दुसरे ११ अमिनो आम्लांचे. ती प्रयोगशाळेत कृत्रिमरीत्या तयार करून वापरली तेव्हाही मुंग्यांचा आक्रमकपणा ओसरला. म्हणजे बेडकाचा आकार, त्याची चाल, त्याचे शांत बसणे या सगळ्यापेक्षा त्याच्या कातडीवरील ही दोन पेप्टाइडे निर्णायक ठरतात.

आपण पाहिलेले दृश्य आता पुन्हा डोळ्यांपुढे आणा. मुंग्या बेडकाला मिश्यांनी चाचपत होत्या, असे आपण लिहिले आहे. ही चाचपणीच त्याला वाचवते. गंधकाची द्रव्ये हवेत उडतात, तशी पेप्टाइडे उडत नाहीत, त्यामुळे ती दुरून ‘कळत’ नाहीत, मुंगीची मिशी कातडीला टेकावी लागते. कामगाराच्या घोट्यावर असे काहीही नव्हते, म्हणून मुंगीने त्याला परका ठरवले.

नान्नजचा माळ (उत्तर)

सोलापूर जिल्ह्यातील माळरानावर मी बरीच वर्षे पक्षी आणि प्राणी पाहत आलो आहे. आपल्याकडील माळाला सरकारी कागदांवर पडीक जमीन म्हटले जाते, परंतु विरळ बाभळी-बोरी आणि मधले गवत असलेले हे रानही एक प्रकारचे सॅव्हानाच आहे, आणि कोरडे आठ महिने कसे काढायचे हा प्रश्न येथील बेडकांपुढेही आहे. म्हणून या चर्चेत थोडी भर घालतो.

आमच्याकडे त्या प्रश्नाचे उत्तर बहुतेक वेळा स्वतः खणून दिले जाते. स्फेरोथेका वंशाच्या बेडकांच्या मागच्या पायाच्या तळव्यावर फावड्याच्या पात्यासारखा कडक उंचवटा असतो. तो बेडूक पार्श्वभागाकडून, गोल फिरत फिरत, पाहता पाहता मुरमात बुडतो. युपेरोडॉन वंशाचे, अंग फुगवून चेंडूसारखे होणारे बेडूकही असेच खणतात आणि वाळवी-मुंग्यांवर जगतात. हे युपेरोडॉन बाईंनी सांगितलेल्या मायक्रोहायलिडी कुळातीलच आहेत. एकाच कुळाच्या एका शाखेकडे फावडे आहे, तर दुसऱ्या शाखेतील हा लाल बेडूक दुसऱ्याच्या घरात शिरण्याची किल्ली अंगावर वागवतो, ही गोष्ट मला विलक्षण वाटते. रोज ज्या बेडकांना मी ओळखीचे समजत होतो, त्यांच्या पायांकडे आता वेगळ्या नजरेने पाहीन.

माझा एक प्रश्न आहे. बेडूक वाळवी खातो, मुंग्याही वाळवी खातात, आणि दोघे एकत्र राहतात. तर मग याला मैत्री किंवा परस्परांच्या फायद्याचा सहवास म्हणता येईल का?

मुंगी-अभ्यासक

दादा, ‘मैत्री’ हा शब्द मी तरी वापरणार नाही. बेडकाचा फायदा उघड आहे. त्याला ओलसर, उन्हापासून दूर असलेली जागा मिळते आणि दाराशी डंख करणारे पहारेकरी मिळतात. ज्याला त्या बेडकाला खायचे आहे, त्याला आधी मुंग्यांना तोंड द्यावे लागेल. परंतु मुंग्यांनी त्याला बोलावलेले नाही किंवा त्याची काळजी घेतलेली नाही. र्‍योडेल यांच्या गटाने आपल्या २०१३ च्या लेखात ‘रासायनिक छद्मावरण’ असा शब्दप्रयोग केला आहे, तो मला अचूक वाटतो. काडीकीटक जसा पक्ष्याच्या डोळ्याला काडी भासतो, तसा हा बेडूक मुंगीच्या मिशीला डंख करण्याजोगा भासत नाही. ‘किल्ली’ हा आपला शब्दही चांगला आहे, फक्त ती घरमालकाने दिलेली नाही एवढे ध्यानात ठेवावे.

दक्षिण अमेरिकेच्या जंगलांत लिथोडायटीस लिनिएटस नावाचा बेडूक पाने कापणाऱ्या मुंग्यांच्या वारुळात असाच राहतो. तो एका निराळ्याच कुळातील आहे, आणि त्याच्या बाबतीतही कातडीतील रसायने त्याला मुंग्यांपासून वाचवतात असे प्रयोगांतून दिसले आहे. दोन खंडांतील, एकमेकांशी जवळचे नाते नसलेले बेडूक एकाच उपायापर्यंत स्वतंत्रपणे पोहोचले.

काजूबी

बाई, आपले आणि सर्वांचे मनःपूर्वक आभार. उत्तर लिहिण्यास विलंब झाला, कारण मध्यंतरी खरेदीची घाई होती. कामगारांना फ्रेंचमध्ये, जमेल तसे, सगळे समजावून सांगितले. ज्याला डंख बसला होता त्यानेच सर्वांत लक्षपूर्वक ऐकले आणि नंतर इतरांना त्यांच्या बारिबा भाषेत सांगितले. चर आम्ही दोन मीटर अलीकडून वळवून घेतला. बिळाचा फुटलेला भाग मुंग्यांनी स्वतःच आठवडाभरात बुजवला.

मे महिन्यात पहिला जोराचा पाऊस झाला त्या रात्री गोदामामागच्या सखल जागेत पाणी साचले आणि तेथून लांबलचक, एका सुरातील, कानाला गोड वाटणारी थरथर ऐकू येऊ लागली. विजेरी घेऊन गेलो तर काठच्या गवतात अर्धवट लपलेला तोच लाल पाठीचा बेडूक गळा फुगवून बसलेला होता. सकाळी पाण्यावर बारीक काळ्या ठिपक्यांचा एक पातळ थर तरंगताना दिसला. आता त्या पाण्यात काचेसारखी पारदर्शक पिल्ले झाली आहेत, परंतु ती तळाशी चरत नाहीत, पाण्याच्या मध्यावर डोके थोडे वर करून नुसती लटकून राहतात. विशेष म्हणजे ती शेकड्यांनी एकाच ठिकाणी गोळा होतात. ती आजारी आहेत का? गोदामाच्या व्यवस्थापनाला डासांच्या भीतीने ते डबके बुजवायचे आहे, म्हणून विचारतो.

निवृत्त शिक्षिका

ती अगदी ठणठणीत आहेत. आपण एकाच रात्री जे पाहिलेत ते पाहण्यासाठी अभ्यासकांना कित्येक पावसाळे रानात काढावे लागतात.

या कुळातील पिल्लांना, म्हणजे बेडूकमाशांना, शेवाळ खरवडण्यासाठी लागणारी चोच आणि दातांच्या ओळी नसतात. ती पाणी तोंडातून आत घेतात, त्यातील सूक्ष्म वनस्पती गाळून घेतात आणि पाणी बाहेर सोडतात. म्हणून त्यांना तळाशी जाण्याची गरजच नाही. बारकाईने पाहिल्यास शेपटीचे केवळ टोक सतत थरथरताना दिसेल, त्या थरथरीवर ती पाण्याच्या मध्यावर तोल सांभाळतात. आपल्या मायक्रोहायला ऑर्नाटाची पिल्लेही अशीच पारदर्शक आणि लटकणारी असतात. पुढच्या पावसाळ्यात गावी असाल तर मळ्यातील स्वच्छ डबक्यात वाकून पाहा.

घोळक्याने राहण्यामागे भीती आहे. मार्को श्पीलर यांनी नेमक्या याच जातीच्या पिल्लांवर केलेला अभ्यास २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. शत्रूचा धोका वाढला की पिल्लांच्या घोळक्याचा आकार बदलतो, हे त्यांनी त्यात दाखवले. एकट्या पिल्लापेक्षा गर्दीतील पिल्लू पकडले जाण्याची शक्यता कमी असते. त्या डबक्यातील त्यांचा एक मोठा शत्रू आपल्या ओळखीच्या घराण्यातील आहे. हॉप्लोबॅट्रॅकस ऑक्सिपिटॅलिस हा आफ्रिकेतील मोठा बेडूक आपल्याकडील पावसात पिवळाधमक होणाऱ्या बुलफ्रॉगचा, म्हणजे हॉप्लोबॅट्रॅकस टायगेरिनसचा, सख्खा नातेवाईक आहे, आणि त्याची पिल्ले इतर बेडकांची पिल्ले खातात. उत्तर बेनिनमध्ये हा मोठा बेडूक माणसे खातात आणि त्याचा व्यापारही चालतो. आपण बाजारात वाळवलेले बेडूक पाहिले असतील तर ते बहुधा त्याचेच असावेत.

डबक्याबाबत माझी कळकळीची विनंती आहे की ते आत्ता बुजवू नये. या बेडकाला कोरड्या हंगामात मुंग्यांचे बीळ लागते आणि ओल्या हंगामात असे उथळ, तात्पुरते, मासे नसलेले पाणी लागते. बारमाही तळ्यात मासे ही पिल्ले शिल्लक ठेवणार नाहीत. पिल्लांना पाय फुटून ती काठावर येईपर्यंत काही आठवडे ते पाणी राहिले पाहिजे, त्यानंतर ते आपोआप आटले तरी हरकत नाही. डासांची काळजी योग्यच आहे, पण त्यात रॉकेल किंवा जळके तेल मात्र मुळीच ओतू देऊ नका, तेलाच्या तवंगाखाली ही पिल्ले गुदमरतील.

नान्नजचा माळ

काजूबी साहेब, एक सुचवू का? पिल्ले किती दिवसांत बाहेर पडतात, लहान बेडकाची पाठ कोणत्या दिवशी लाल होऊ लागते, आणि ती कोणत्या दिशेने जातात, याची तारीखवार नोंद ठेवा. रोज त्या जागी असलेल्या माणसाची साधी वही फार मोलाची असते. आमच्याकडे माळढोकाच्या आणि तणमोराच्या जुन्या नोंदी अशाच वह्यांतून मिळाल्या आहेत.

काजूबी

वही आजच सुरू केली. व्यवस्थापनाने ऑक्टोबरपर्यंत डबके न बुजवण्याचे मान्य केले आहे. त्याऐवजी गोदामातील माणसांच्या खोल्यांना जाळ्या लावण्यात येतील. पिल्लांचा घोळका सकाळी पूर्वेकडच्या उथळ काठाशी असतो आणि ऊन चढल्यावर मध्यभागी सरकतो, एवढे मला तीन दिवसांत दिसले आहे. मुंग्यांचे नवे तोंड डबक्यापासून सुमारे अठरा पावलांवर, एका काजूच्या झाडाच्या बुंध्याशी आहे. काल संध्याकाळी पाऊस थांबल्यावर तेथे बसून राहिलो. दिवेलागणीला एक मोठा बेडूक त्या तोंडातून सावकाश चालत बाहेर आला, दोन मुंग्यांनी त्याच्या पाठीवर मिश्या टेकवल्या आणि त्या आपल्या वाटेने निघून गेल्या.